‘घरे-बाइरे’तील पंचू आणि बहिष्काराची किंमत

आमच्या घरासमोर किराणा मालाचे एक दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या दुकानाच्या पायरीवर एक लहानसा वाद झाला, तो आम्ही सामानाची पिशवी हाती धरून ऐकत उभे होतो. शेजारच्या बिऱ्हाडातील कॉलेजात शिकणारा मुलगा दुकानदारास सांगत होता की, अमुक एक कंपनी अमुक एका देशातील जुलमी राजवटीस हातभार लावते, सबब तिची सरबते, तिचा साबण आणि तिची बिस्किटे आपण दुकानात ठेवू नयेत. मुलगा मनापासून बोलत होता आणि बरेच वाचून आलेला होता. दुकानदाराने त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतले आणि म्हटले, “बाळ, तुझं म्हणणं खरं असेल. पण माल भरून झालाय, पैसेही देऊन झालेत. तू असं कर, सगळा माल माझ्याकडून विकत घे आणि मग हवा तर गटारात ओत.” मुलगा निरुत्तर होऊन घरी गेला. रात्री त्याचे वडील आमच्याकडे आले तेव्हा हसत म्हणाले, “ह्याच्या एका बाटलीनं त्या कंपनीचं काय वाकडं होणार, सांगा पाहू!”

वडिलांचा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. दुकानदाराचे उत्तर मात्र आम्ही पूर्वी कोठे तरी वाचले आहे असे सारखे वाटत राहिले. दुसऱ्या दिवशी कपाटातून रवींद्रनाथ ठाकुरांची ‘घरे-बाइरे’ ही कादंबरी काढली आणि ते उत्तर सापडले. जवळजवळ तेच शब्द पंचू नावाच्या एका फिरत्या विक्रेत्याच्या तोंडी रवींद्रनाथांनी शंभर वर्षांपूर्वी घातलेले आहेत. त्या निमित्ताने सारी कादंबरी पुन्हा वाचली, आणि वाचता वाचता तिच्याशी आमचे जे भांडण झाले तेच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘घरे-बाइरे’ १९१५-१६ साली ‘सबुज पत्र’ या मासिकातून क्रमशः आली आणि १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली. पार्श्वभूमी वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीची. निखिलेश हा जमीनदार, विमला ही त्याची पत्नी आणि संदीप हा त्याचा मित्र व चळवळीचा पुढारी, ही तिघे आळीपाळीने आपली आत्मकथा सांगतात. विमलेच्या मनाची ओढाताण हाच कादंबरीचा विषय होय असे बहुतेक वाचक धरून चालतात, आणि आम्हीही तरुणपणी ती तशीच वाचली. या खेपेस आम्ही ती बाजाराची कथा म्हणून वाचली. तशी वाचली असता तिच्यातील कित्येक प्रकरणांचे वजन एकदम बदलते.

निखिलेश स्वदेशीचा शत्रू नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. चळवळ सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तो देशी पेन्सिल देशी चाकूने तासतो, बोरूने लिहितो, काशाच्या भांड्यातून पाणी पितो आणि एरंडेलाच्या दिव्यापाशी वाचीत बसतो. खजुरीच्या रसापासून साखर काढण्याच्या खटपटीत त्याने पैसा घातला व बुडविला. विमलेला या साऱ्याची लाज वाटते. तिला हवा असतो जोश, आणि तो तिला संदीपच्या व्याख्यानात मिळतो. ती आपले विलायती कपडे जाळून टाकावयास निघते तेव्हा निखिलेश एवढेच विचारतो की, जाळावयाचे कशाला? वापरावेसे वाटत नाहीत तोवर वापरू नकोस म्हणजे झाले. हा प्रश्न विमलेला भेकडपणाचा वाटतो. आम्हांस तो या कादंबरीतील सर्वांत धीट प्रश्न वाटतो, कारण आपल्या अंगावरचे काय टाकावे एवढ्यापुरतीच माणसाची सत्ता चालते, हे तो मान्य करतो.

पुढे विद्यार्थ्यांची एक टोळी निखिलेशाकडे येते. त्याच्या जमीनदारीतील बाजारातून विलायती माल हुकमाने काढून टाकावा, अशी तिची मागणी. निखिलेश नकार देतो. हा माल विकणारे आणि विकत घेणारे हातावर पोट असलेले लोक आहेत. विलायती सूत व कापड स्वस्त म्हणून ते घेतात. ज्यांच्या पोटाला दोन वेळचे निश्चित आहे त्यांनी आपल्या प्रतिज्ञेची किंमत त्यांच्याकडून वसूल करावी, हे त्याला पटत नाही. आम्हीही नुकसान सोसतोच आहोत, असे विद्यार्थी सांगतात. तेव्हा निखिलेशाचे वृद्ध गुरुजी चंद्रनाथबाबू त्यांना दोन्ही नुकसानींमधला फरक दाखवितात.

आणि मग पंचू येतो. पंचू हा शेजारचा जमीनदार हरीश कुंडू याचे कूळ. कर्ज काढून घेतलेल्या विलायती कापडाचे गाठोडे घेऊन तो गावोगाव फिरतो. हरीश कुंडू त्याला शंभर रुपये दंड करतो. एवढा माल विकू द्या, पुन्हा आणणार नाही, अशी पंचू गयावया करतो. पण माल येथेच, माझ्यासमोर जाळ, असा जमीनदाराचा आग्रह. तेव्हा त्या गरिबाच्या तोंडून निघून जाते की, मला हे परवडणार नाही, तुम्ही श्रीमंत आहात, तुम्हीच विकत घ्या आणि जाळा. याबद्दल त्याला जोड्यांचा मार मिळतो. गाठोडे जळते. भोवती जमलेले लोक वंदे मातरम् म्हणतात, आणि संदीप ती राख उचलून विलायती व्यापाराच्या अंत्यसंस्काराची पवित्र भस्म म्हणून लोकांस लावावयास सांगतो. निखिलेश पंचूला फिर्याद करावयास सुचवितो, परंतु साक्षीदार कोठून येणार?

हा प्रसंग वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक शब्द उभा राहिला पाहिजे, आणि त्या शब्दाविषयी थोडे विषयांतर करणे आम्हांस आवश्यक वाटते. इंग्रजी ‘बॉयकॉट’ हा शब्द आयर्लंडातील एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या आडनावावरून १८८० साली निघाला. त्याच्या कुळांनी व मजुरांनी त्याचे काम सोडले. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यासाठी सरकारला फौजफाट्यावर १०,००० पौंडांच्या घरात खर्च करावा लागला, असे सांगतात. तेथे तो शब्द खालच्याने वरच्यावर उगारलेल्या शस्त्राचे नाव म्हणून जन्मास आला. आम्ही १९०५ साली त्यासाठी ‘बहिष्कार’ हा शब्द योजला व लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत त्याला मानाचे स्थान मिळाले. परंतु हा शब्द आमच्याकडे नवा नव्हता. जातीने माणसास टाकणे, गावाने त्यास वाळीत टाकणे, ब्रह्मवृंदाने ग्रामण्य उभे करणे, या सर्वांस आम्ही पूर्वीपासून बहिष्कारच म्हणत आलो होतो. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य आले, त्यांत खुद्द टिळकही होते. पंधरा वर्षांनी परकी मालावर बहिष्कार घाला म्हणून सांगणाऱ्या पुरुषाने स्वतः एका चहाच्या पेल्यापायी बहिष्काराची चव घेतलेली होती, हा योगायोग आमच्या चरित्रकारांनी निरनिराळ्या प्रकरणांत सांगितला. दोहोंची गाठ मात्र क्वचितच घातली.

या शब्दाचा खरा भार ज्यांनी वाहिला त्यांस तो असा विसरता आला नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, डॉ. आंबेडकरांनी जे पाक्षिक काढले त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांस वाण्याने माल देऊ नये, शेतावर कोणी कामास लावू नये, खाजगी रानातून वाट देऊ नये, असले बहिष्कार त्या काळी कसे घातले जात याची नोंद मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीच्या १९३० सालच्या अहवालात आहे. आंबेडकर त्या कमिटीचे सभासद होते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ साली करावा लागला, यावरून हे प्रकरण किती अलीकडचे आहे तेही दिसेल. तेव्हा आमच्या भाषेत एकाच शब्दाच्या पोटी दोन वस्तू नांदतात. एकीत दुबळे लोक आपली गिऱ्हाइकी व आपले श्रम बलवानापासून काढून घेतात. दुसरीत बलवान लोक दुबळ्याचे जगणे बंद पाडतात. हरीश कुंडूच्या अंगणात जे घडले ती दुसरी वस्तू होती. घोषणा मात्र पहिलीच्या होत्या. रवींद्रनाथांनी हे ओळखले, आणि चळवळीच्या ऐन उन्हात नसली तरी तिची धग निवालेली नसताना ते लिहिले, यात या कादंबरीचे थोरपण आहे. १९०५ च्या १६ ऑक्टोबरला राख्या बांधीत कलकत्त्याच्या रस्त्यांतून फिरलेला माणूस हे लिहीत होता. बाहेरच्या टीकाकाराचे लिखाण हे नव्हे.

येथवर आम्ही रवींद्रनाथांच्या बरोबर आहो. यापुढे मात्र नाही.

आमचा आक्षेप संदीपविषयी आहे. संदीप हा लोभी, विषयासक्त आणि बोलघेवडा पुरुष रंगविला आहे. मित्राच्या घरी राहून तो मित्राच्या बायकोस मोहात पाडतो, तिच्याकरवी तिच्याच घरच्या तिजोरीतून सहा हजारांची चोरी करवितो. मीरजान नावाच्या मुसलमान नावाड्याची होडी विलायती माल वाहते म्हणून बुडविली जाते, आणि शेवटी दंग्याचा वणवा पेटतो तेव्हा संदीप निघून जातो. डोके फुटते निखिलेशाचे आणि प्राण जातो अमूल्य या कोवळ्या पोराचा. ही योजना कथा म्हणून परिणामकारक आहे खरी. पण तिने वादाचा निकाल फार स्वस्तात लागतो. बहिष्काराचा पुरस्कर्ता लबाडच काढला म्हणजे बहिष्कार वाईट ठरविण्यास लेखकाला काही कष्ट पडत नाहीत. संदीपच्या जागी एखादा प्रामाणिक, स्वतः झीज सोसणारा माणूस असता तर निखिलेशाने त्यास काय उत्तर दिले असते? कादंबरीत अमूल्य हा तसा आहे. पण तो इतका अल्पवयीन आणि भाबडा आहे की त्याच्या तोंडी युक्तिवाद शोभत नाही. गेओर्ग लुकाच या हंगेरियन टीकाकाराने १९२२ साली या कादंबरीवर झोड उठविली आणि संदीप म्हणजे गांधींचे विडंबन होय असे ठरविले. हा आरोप कालक्रमालाच धरून नाही, कारण कादंबरी लिहिली जात होती तेव्हा गांधी नुकतेच आफ्रिकेहून परतले होते. तरीही त्या अन्यायी परीक्षणाच्या मुळाशी एक खरी चीड आहे: विरुद्ध पक्षाला या पुस्तकात चांगला वकील दिलेला नाही.

तसा वकील पुढे १९२१ साली प्रत्यक्षातच उभा राहिला. परदेशी कापडाच्या होळ्यांवर रवींद्रनाथांनी ‘सत्येर आह्वान’ या लेखात टीका केली, आणि गांधींनी त्यास ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले. ते कपडे नागव्यांना का देऊ नयेत, हा कवीचा मुद्दा. आपण ज्याची लाज धरतो ते दरिद्र्याच्या अंगावर चढविणे हा त्याचा अपमान, आणि त्याला हवे आहे ते काम, हा गांधींचा. या वादात कोण जिंकले हे ठरविण्याची आम्हांस हौस नाही. परंतु निखिलेशाला न मिळालेला प्रतिस्पर्धी त्याच्या जनकाला मिळाला, एवढे खास.

इतिहासाकडे पाहिले तर चित्र कादंबरीहून गुंतागुंतीचे दिसते. सुमित सरकार यांनी बंगालच्या स्वदेशी चळवळीवरील आपल्या १९७३ सालच्या ग्रंथात कलकत्त्याच्या जकात-अधिकाऱ्याची सप्टेंबर १९०६ मधील नोंद दिली आहे. तीप्रमाणे परदेशी सुती कापडाची आयात २२ टक्क्यांनी उतरली होती; सिगारेटींची ५५ टक्क्यांनी; आणि जोडे-बुटांची ६८ टक्क्यांनी. सर्वांत अधिक घसरलेल्या या जिनसा कोण वापरीत होते? पंचूची गिऱ्हाइके बूट घालीत नव्हती व सिगारेटी ओढीत नव्हती. ज्या वस्तू सुशिक्षित भद्रलोक स्वतः घेत, त्या त्यांनी खरोखरीच सोडल्या; जी वस्तू गरिबांनी सोडावी असे त्यांस वाटत होते, ती गरिबांनी तितक्या प्रमाणात सोडली नाही. आमच्या मते हे आकडे चळवळीस लांच्छन नव्हेत. ते तिचे प्रामाणिक अंग दाखवितात. पुण्यास ७ ऑक्टोबर १९०५ रोजी विद्यार्थ्यांनी विलायती कपड्यांची होळी केली आणि त्यापायी सावरकरांस दहा रुपये दंड होऊन वसतिगृह सोडावे लागले. ती होळी कोणास रुचो वा न रुचो; पण तीत कोणा पंचूचे गाठोडे नव्हते आणि दंड भरला तो जाळणाऱ्यानेच. मुंबईच्या गिरणीवाल्यांनी मात्र याच सुमारास मागणी वाढली म्हणून आपल्या कापडाचे भाव चढविले. पुढाऱ्यांच्या विनवण्यांना त्यांनी दाद दिली नाही. बहिष्काराने एका व्यापाऱ्याचे जाते ते देशाला मिळते असे धरून चालणाऱ्यांनी हे विसरू नये; पुष्कळदा ते फक्त दुसऱ्या व्यापाऱ्याला मिळते.

आता शेजारच्या मुलाच्या वडिलांचा प्रश्न: एका बाटलीने काय होते? याचे उत्तर ‘घरे-बाइरे’त सापडत नाही, कारण तेथे एकही कंपनी नाही, आहेत ती दुकाने, होड्या आणि गाठोडी. मँचेस्टर फार दूर आहे आणि त्याला कथेत तोंड नाही. पुढच्या काळातील एक उदाहरण घेतल्याखेरीज या प्रश्नाचा विचार पुरा होत नाही, आणि तेही सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले घेऊ.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकारविरुद्ध व्यापार प्रथम तोडला तो हिंदुस्थानाने, १९४६ साली. १९५९ मध्ये तेथील आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली यांनी आपल्या देशाच्या मालावर बहिष्कार घालावा असे जगाला आवाहन केले. त्यायोगे आमच्या लोकांनाही चटका बसेल, पण तो सोसण्यास आम्ही तयार आहो, असा त्यांचा आशय होता. येथे पंचू स्वतः बोलत आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

पुढे १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड या छायाचित्रांच्या सामानाच्या कंपनीतील कॅरोलाइन हंटर या रसायनज्ञ स्त्रीस आणि तिच्या सहकाऱ्यास असे दिसले की, आफ्रिकनांना सक्तीने बाळगाव्या लागणाऱ्या परवाना-पुस्तकांतील छायाचित्रे आपल्या कंपनीच्या यंत्रावर निघतात. त्यांनी आपल्याच मालकाच्या मालावर बहिष्कार पुकारला. हंटरबाईंची नोकरी गेली. कंपनीने १९७१ मध्ये सरकारला विक्री बंद केल्याचे जाहीर केले, तेथील कामगारांचे पगार वाढविण्याचे ठरविले, आणि धंदा चालू ठेवला. १९७७ साली तिचा तेथील विक्रेता सरकारला चोरून माल पुरवीत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा ती तेथून निघाली. सात वर्षे! आणि इंग्लंडातील बार्कलेज बँकेविरुद्ध विद्यार्थ्यांनी चालविलेली मोहीम त्याहूनही लांबली. तेथे खाते उघडावयाचे नाही, एवढाच तिचा कार्यक्रम. १९८६ च्या नोव्हेंबरात बँकेने दक्षिण आफ्रिकेतील धंदा विकला. आमच्या गिऱ्हाइकांवर परिणाम होऊ लागला होता, ही गोष्ट तेव्हा बँकेच्या अध्यक्षांनीच बोलून दाखविली.

यावर शंकेखोर म्हणतील की, याने राजवट पडली काय? प्रश्न रास्त आहे. तिघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ साली दक्षिण आफ्रिकेशी संबंध असलेल्या कंपन्यांच्या भागांचे भाव तपासून असे दाखविले की, भागभांडवल काढून घेण्याच्या त्या गाजलेल्या मोहिमेचा भावांवर फारसा परिणाम दिसत नाही. हा पुरावा आम्ही बाजूस सारीत नाही. बाटली न घेतल्याने कंपनीचा गल्ला रिता होतो ही समजूत बहुतेक वेळा खोटीच असते. परंतु बार्कलेज बँकेत खाते न उघडणाऱ्या विद्यार्थ्यांजवळ त्या दिवशी ठेवावयास पैसे तरी कितीसे होते? बँकेला भीती होती ती पुढच्या वीस वर्षांची, आणि त्याहून अधिक, आपले नाव कोणत्या गोष्टीबरोबर उच्चारले जाते याची. धंद्याला पत लागते, आणि पत हिशेबाच्या वहीत दिसण्याच्या आधीच पातळ होऊ लागते. म्हणून जे बहिष्कार फळले ते लांब चाललेले, एकाच कंपनीस एकच गोष्ट मागणारे, आणि ज्यांच्यासाठी ते घातले त्यांनी मागितलेले असे आढळतात. दर महिन्यास नव्या वीस नावांची यादी घेऊन निघणाऱ्यांच्या वाट्यास हे यश का येत नाही, हे सांगावयास नकोच. महिन्यापूर्वीच्या यादीतील नावे त्यांची त्यांनाच आठवत नसतात.

यावरून वडिलांचे म्हणणे निम्मे खरे ठरते आणि दुकानदाराचे पूर्ण. मुलगा ती बाटली स्वतः घेत नाही, यात हसण्यासारखे काही नाही. तेवढ्यापुरता तो निखिलेशाच्या बोरूच्या आणि एरंडेलाच्या दिव्याच्या जातीचा आहे. जोशाची कमी असेल, पण किंमत त्याची तो देतो. तो दुकानाची पायरी चढला तेव्हा मात्र हरीश कुंडूच्या अंगणाच्या दिशेने एक पाऊल पडले होते, आणि तेथे त्यास अडविणारे वाक्य दुकानदाराने, ठाकुरांचे नावही न ऐकता, नेमके उच्चारले. त्याच्याजवळ पंचूपेक्षा एक गोष्ट अधिक होती: मुलाच्या हाती जोडा नव्हता.

कादंबरीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. तिघे जण आत्मकथा सांगतात आणि तिघेही वाड्यातले आहेत. संदीप पाहुणा असला तरी त्याचे ताट वाड्यातच मांडले जाते. पंचूचे गाठोडे जळाल्याची हकीकत आपणांस चंद्रनाथबाबूंनी निखिलेशाला सांगितलेली, निखिलेशाने लिहिलेली, अशी तिसऱ्या हाताने मिळते. मीरजानचेही तसेच. निखिलेश पंचूच्या वतीने कळवळून बोलतो, त्याच्यासाठी पैसाही खर्च करतो, आणि तरी त्याला विलायती कापडाविषयी काय वाटते, ते विकताना त्याला कधी संकोच झाला की नाही, चार पैसे अधिक मिळाले असते तर त्याने देशी कापड खुशीने नेले असते की नाही, हे त्याला एकदाही विचारीत नाही. विद्यार्थ्यांनीही विचारले नाही. रवींद्रनाथांनी विमलेला तिची वेदना तिच्याच तोंडाने सांगू दिली, हे त्या काळी केवढे तरी धाडस होते. चौथी आत्मकथा पंचूची लिहिली असती तर तो कदाचित दोघाही मित्रांशी भांडला असता, आणि बाजारातल्या त्या सकाळी आपल्या गाठोड्यात नेमके किती वार कापड होते, हे आपणांस प्रथमच कळले असते.